जागतिक वारसा आणि जेवणाची रांग

गडचांदूर आणि समुद्र यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं नकाशा पाहून कोणालाही वाटणार नाही. अरबी समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरांहून जास्त लांब. बंगालचा उपसागर त्या मानाने जवळ, पण तिकडे जाण्याची आमच्याकडे रीत नाही. आमचं पाणी मात्र नेमाने तिकडेच जातं. ओढ्यानाल्यांतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीबरोबर थेट उपसागरात. त्या हिशेबाने दर पावसाळ्यात आमच्या अंगणातून वाहून जाणाऱ्या चपला आमच्या आधी समुद्रदर्शन करून मोकळ्या होतात.

पाण्यावर चालणाऱ्या वाहनांपैकी आम्हाला ठाऊक असलेलं एकच, ते म्हणजे डोंगा. नदीला पूर आला की डोंगेवाला पैलतिराला नेऊन सोडतो आणि आपण काठावर उतरून देवाचं नाव घेतो. कोकणातला माणूस ‘बोट’ म्हणतो. शहरातला माणूस ‘क्रूझ’ म्हणतो. वस्तू बहुधा एकच असावी. भाडं वाढलं की नाव बदलत असावं. खाणावळीचं हॉटेल होतं आणि हॉटेलचं रेस्टॉरंट होतं, त्यातलाच हा प्रकार.

तर आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाल्याबद्दल मुलांनी आम्हा उभयतांना मुंबई ते गोवा आणि गोवा ते मुंबई अशी क्रूझची सहल बहाल केली. चाळीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसांना दोन रात्री एका जहाजात कोंडून ठेवण्यात कसला गौरव आहे हे मला कळलं नाही, पण तिकिटं काढून झाली होती आणि ती परत होत नव्हती. शेजारी एक निवृत्त खाणमुकादम राहतात. त्यांनी येऊन विचारलं, “गुरुजी, जमीन सोडून पाण्यात कायले जाता जी?” मी म्हटलं, जागतिक वारसा पाहायला. हे उत्तर मी तेव्हा वेळ मारून नेण्यासाठी दिलं होतं; पण पुढे तेच माझ्या मानगुटीवर बसलं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आहे. एकदा शब्द तोंडातून गेला की त्याला सनावळी जोडल्याशिवाय मला झोप येत नाही.

जागतिक वारसा म्हणजे काय, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जे विसरले असतील त्यांच्यासाठी उजळणी करतो. युनेस्को नावाची संस्था आहे. तिने १९७२ साली एक करार केला. जगात काही जागा अशा आहेत की त्या कोणा एका देशाच्या मालकीच्या असल्या तरी त्या गेल्या तर नुकसान सगळ्या मनुष्यजातीचं होईल. म्हणून त्यांची यादी करावी आणि त्या जपाव्यात, असा त्याचा मथितार्थ. १९७८ साली यादीत पहिल्या बारा जागा लागल्या. भारताचा नंबर १९८३ मध्ये लागला, आणि पहिल्या चार जागांपैकी दोन महाराष्ट्रातल्या होत्या : अजिंठा आणि वेरूळ. उरलेल्या दोन आग्र्याच्या. यादीत बसायला दहा कसोट्या आहेत, त्यांतली निदान एक उतरावी लागते. दहापैकी एक म्हणजे परीक्षा सोपी आहे असं माझे जुने विद्यार्थी म्हणतील. पण पेपर तपासणारे फार कडक आहेत.

मी यादी काढली, नकाशा पसरला आणि जहाजाच्या वाटेवर पेन्सिल ओढली. आणि वाचकहो, मी चकित झालो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, यादीत २००४ पासून. ओव्हल मैदानाभोवतालच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती, २०१८ पासून. बंदरातल्या बेटावर घारापुरीची लेणी, १९८७ पासून. शेवटच्या टोकाला जुन्या गोव्यातली चर्चेस, १९८६ पासून. आणि मधल्या पाण्यात जुलै २०२५ मध्ये यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी चार : खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. भूमध्य समुद्रात लोक लाखो रुपये मोजून अथेन्स, डुब्रॉव्हनिक आणि व्हेनिस करतात. इथे तेवढाच ऐवज एका रात्रीच्या वाटेवर ओळीने मांडून ठेवलेला. मी हिला म्हटलं, “अगं, हे क्रूझ नाही, ही तीर्थयात्रा आहे.” ही म्हणाली, “मग उपासाचं काही मिळतं का विचारून ठेवा.”

मुंबईत गाडी वारशातच जाऊन थांबते. हे जगात फारसं कुठे होत नसावं. ताजमहालात कोणी वळकटी घेऊन उतरत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने हे स्टेशन आखलं. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. वर घुमट, कोपऱ्याकोपऱ्यात दगडी प्राणी, कमानींवर पानंफुलं. कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात. हे सगळं मी मान वर करून पाहत उभा राहिलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की लाखो माणसं रोज जिथून येजा करतात त्या इमारतीत मान वर केलेला मी एकटाच आहे. बाकीचे सगळे पळत होते. वारशापासून इतक्या वेगाने पळणारी माणसं मी प्रथमच पाहिली. पण एक सांगतो, मला त्यात वाईट वाटलं नाही. वापरात असलेलं देऊळ आणि ओसाड पडलेलं देऊळ यांत जो फरक असतो, तो तिथे दिसतो. तिथे घंटा वाजते. फक्त ती लोकलची असते.

बोट दुसऱ्या दिवशी सुटायची होती, म्हणून आम्ही गेटवेवरून लाँचने घारापुरीला गेलो. तासाभराचा प्रवास आणि वर शंभरावर पायऱ्या. पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर दगडाचा एक भला मोठा हत्ती होता, म्हणून त्यांनी नाव ठेवलं एलिफंटा. पुढे इंग्रजांनी तो हत्ती विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना तो फुटला. शेवटी १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आले आणि आज तो जोडलेला हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे ज्याच्यामुळे नाव पडलं तो बेटावर नाही, आणि नाव अजून बेटावर आहे. आडनावांचंही असंच असतं. पाटलांकडे पाटीलकी कुठे राहिली आहे?

आत गेलो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात कोरलेली ती वीस फुटी तीनमुखी शिवमूर्ती समोर आली आणि माझ्यातला मास्तर गप्प झाला. हे क्वचित होतं. ही मात्र थोड्या वेळाने म्हणाली, “कोणी केलं हो हे?” मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. इथे एक शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो काढून वाचण्यासाठी आपल्या राजाकडे धाडला. तिकडे तो कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे गहाळ झाला. कोणी म्हणतात कलचुरींनी कोरवलं, कोणी आणखी कोणाचं नाव घेतात. ही म्हणाली, “एवढं मोठं केलं आणि नाव राहिलं नाही. आमच्याकडे बसथांब्याच्या शेडवरही उभारणाऱ्याचं नाव असतं, आणि ती शेड पुढच्या पावसाळ्यात राहत नाही.” जागतिक वारशाची अकरावी कसोटी एवढीच असावी, असं मला त्या क्षणी वाटलं : नाव जावं आणि काम राहावं.

दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरवरून जहाजात चढलो. जहाज म्हणजे अकरा मजली इमारत आडवी केली असती तर बरं झालं असतं, पण ती उभीच पाण्यात ठेवली होती. लिफ्ट, दुकानं, पोहण्याचा तलाव. समुद्रात जाऊन तलावात पोहायचं, यामागचं तत्त्वज्ञान मला अजून उमगलेलं नाही. आमच्या खोलीची खिडकी गोल होती आणि तिच्यासमोर एक संकटकालीन होडी टांगलेली होती, त्यामुळे आम्हाला समुद्र दिसायचा तो होडीच्या खालून, चार बोटं.

मी पहिलं काम केलं ते स्वागतकक्षात जाऊन विचारण्याचं. तिथल्या हसतमुख मुलीला म्हटलं, “खांदेरी किती वाजता येईल?” तिने संगणकात पाहिलं, शेजाऱ्याला विचारलं आणि अत्यंत अदबीने म्हणाली, “सर, आपल्याकडे चायनीज सातव्या मजल्यावर आहे, पंजाबी आठव्या. खांदेरी नावाचं रेस्टॉरंट नाहीये.” मी सुवर्णदुर्गाची चौकशी केली नाही. ती बहुधा दागिन्यांच्या दुकानाकडे बोट दाखवती.

सूर्य बुडाला आणि जहाज सुटलं. त्याच क्षणी जेवणाची रांग सुरू झाली. दोन रात्रींत मी इतिहासाचा जेवढा विचार केला त्याहून अधिक त्या रांगेचा केला. तिला आरंभ होता, पण अंत दिसत नव्हता. नाश्त्याची रांग संपते न संपते तोच दुपारच्या जेवणाची, मग चहाची, मग संध्याकाळच्या खाण्याची. दाराबाहेर अरबी समुद्र पसरलेला असताना माणसं पनीरच्या समुद्रात पळीने काहीतरी शोधत होती. मी ताट ठेवलं, हिला जागा धरून बसायला सांगितलं आणि वरच्या डेकवर गेलो.

मुंबईहून दक्षिणेला निघालं की वीसेक किलोमीटरांवर, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आहे. बेट लहानसं, पण मुंबई बंदराच्या तोंडाशी बसलेलं, म्हणजे घराच्या उंबऱ्यावर कोणीतरी पाट मांडून बसावं तसं. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी याला माणसं आणि सामान देऊन तिथे किल्ला बांधायला पाठवलं. मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी बेट आपलं आहे असं कळवलं, लढाऊ जहाजं आणून वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, खोल बुडणारी, वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांची होडकी लहान, उथळ पाण्यात वल्ह्यांवर पळणारी. रात्रीच्या काळोखात ती इंग्रजांच्या बाजूने निसटायची आणि दगड, धान्य, माणसं बेटावर पोहोचवून पहाटेपूर्वी परत यायची. १८ ऑक्टोबरला दौलतखान आरमार घेऊन चालून आला तेव्हा इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज पाडाव झालं. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने कशीबशी लाज राखली. पुढच्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी समेट करून काढता पाय घेतला. किल्ला राहिला. समुद्रावर राज्य करण्याची घमेंड असलेल्या लोकांना त्यांच्याच दारात होडकीवाल्यांनी दिलेला तो धडा होता.

मी कठड्याला धरून उभा होतो. किनाऱ्याच्या बाजूला काळोख होता आणि त्या काळोखात ठरावीक वेळाने एक दिवा लुकलुकत होता. खांदेरीवर १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे. माझ्या पाठीमागे डेकवर मोठ्या आवाजात गाणी लागली होती आणि तीनचारशे माणसं नाचत होती. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “अंकल, तिकडे काय आहे?” मी म्हटलं, “किल्ला.” त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, “लाइट गेलीय वाटतं.” खांदेरीजवळून रात्रीच्या अंधारात गुपचूप निसटून जायची साडेतीनशे वर्षांची परंपरा आमच्या जहाजानेही पाळली. फरक इतकाच की मायनाकाची माणसं किल्ल्यासाठी सामान नेत होती आणि आम्ही पनीर नेत होतो.

तिथेच मला तो मुलगा भेटला. जहाजावर टेबलं पुसण्याचं काम करणारा, विशीतला. मी मराठीत पुटपुटत होतो ते ऐकून तो थांबला. हर्णैचा निघाला. हर्णै म्हणजे सुवर्णदुर्गासमोरचं गाव. “काका, आमचा किल्ला यायला अजून तीन तास तरी आहेत,” तो म्हणाला, “पण दिसणार नाही हां. जहाज फार बाहेरून जातं.” मी विचारलं, “मग तुला कसं कळतं?” तो म्हणाला, “घराकडची बाजू कळते ना.”

त्याचे पणजोबा कोकणच्या बोटींना पडाव लावायचे. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे यांच्या आधी कोकणी माणसाची मुंबई समुद्रातूनच होती. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत बोट पणजीला जायची. पुष्कळ बंदरांत धक्का नव्हता. बोट लांब उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव माणसं घेऊन यायचा. मग गाठोडी, कोंबड्या, फणस, म्हाताऱ्या आणि बाळंतिणी हातोहात वर चढवायच्या. डेकवर चटई टाकून झोपायचं, उलट्या करायच्या, आणि भाऊच्या धक्क्याला उतरून गिरणीचा भोंगा गाठायचा. त्या प्रवासाला कोणी सहल म्हणत नव्हतं. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं होतं. ज्या पाण्यावर आता आमची नाचगाणी चालली होती, त्याच पाण्यावर ही माणसं घरी निघाली होती. मुलगा म्हणाला, “पणजोबा सांगायचे, बोटीतून उतरलेला माणूस आधी किनाऱ्याच्या वाळूला हात लावायचा.” त्या दोन दिवसांत समुद्राबद्दल ऐकलेलं ते सर्वांत शहाणपणाचं वाक्य होतं, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं.

त्याला बोलावणं आलं आणि तो गेला. मी खाली जाऊन हिच्यासाठी धरून ठेवलेल्या जागेवर हिने माझ्यासाठी धरून ठेवलेलं गार जेवण जेवलो आणि पुन्हा वर आलो. सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग या दोन किल्ल्यांसाठी तरी जागं राहायला हवं, असं मला वाटत होतं. वर्गात हा धडा शिकवताना माझा आवाज नेहमी बसायचा. कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना पाणी पाजलं. त्यांच्या मागे मुलांत भांडणं झाली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी आपल्याच दर्यासारंगाला वठणीवर आणायला इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग पाडला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचं आरमार बंदरात उभ्या उभ्या जळून खाक झालं. पुढल्याच वर्षी हाच क्लाइव्ह प्लासीला होता. घरातलं भांडण मिटवायला चोराला बोलवावं आणि त्याने भांडण मिटवून तिजोरीही न्यावी, असा हा प्रकार.

युनेस्कोच्या यादीत हे किल्ले बांधणाऱ्याच्या दूरदृष्टीसाठी गेले, आणि ते योग्यच झालं. पण वारसा नुसत्या पराक्रमाचा नसतो. वडिलांच्या इस्टेटीबरोबर त्यांचं कर्जही येतं. विजयदुर्गापुढचं पाणी हे आपलं कर्ज आहे. ते फेडता येत नाही. निदान त्याची नोंद वहीत ठेवावी.

रात्री तीनच्या सुमारास वाऱ्याने माझी टोपी समुद्रात गेली आणि विजयदुर्ग माझ्या अंदाजाने मागे पडला. पहाटे कधीतरी सिंधुदुर्गही डावीकडून गेला असावा. मालवणजवळच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, तीन वर्षांत तट उभा केला. खाऱ्या पाण्याच्या मधोमध तीन गोड्या विहिरी : दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. आत शिवाजी महाराजांचं देऊळ आहे, आणि तटात त्यांच्या हातापायाचे ठसे दाखवतात. मी हे सगळं अंधाराकडे तोंड करून मनातल्या मनात म्हटलं. वर्ग भरला नव्हता, पण तास मी घेतला. जहाजावरच्या शेकडो माणसांनी एका रात्रीत जागतिक वारशाचे चार किल्ले ओलांडले आणि सकाळी सातला त्यातली सगळी इडलीच्या रांगेत हजर होती. कोणाचंही काही हुकलं नव्हतं, कारण काही असल्याचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

गोव्यात मुरगावला उतरवून आम्हाला बसमध्ये बसवलं. बसमध्ये एक मार्गदर्शक होता आणि त्याच्या हातात छत्री होती. छत्री उघडी म्हणजे चला, मिटली म्हणजे थांबा. जुन्या गोव्यासाठी चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव असलेलं, १६०५ साली पूर्ण झालेलं बॉम जेझू, समोरचं सी कॅथेड्रल, आणि वास्को द गामाच्या स्मरणार्थ त्याच्याच पणतूने व्हाइसरॉय असताना बांधवलेली कमान हे सारं उरकायचं होतं. बॉम जेझूच्या दर्शनी भिंती तांबड्या जांभ्या दगडाच्या. मी त्या भिंतीला हात लावला. दगड कोकणाचा, आराखडा युरोपचा, घाम गोव्याचा. गामाच्या कमानीखाली उभा राहून मी हिशेब केला : तो ज्या वाटेने आला त्याच समुद्राने मी आलो, तो मिरी नेण्यासाठी आला आणि आमच्या बसमधली मंडळी काजू नेण्यासाठी. छत्री उघडली आणि माझा हिशेब अर्धा राहिला.

युरोपात याच्या अगदी उलट तक्रार आहे. व्हेनिस यादीत गेलं १९८७ मध्ये, म्हणजे ते आणि आमची घारापुरी एका वर्गातल्या. तिथे मजल्यांवर मजले असलेली जहाजं थेट सेंट मार्कच्या चौकासमोरून जाऊ लागली, एकेका जहाजातून हजारो माणसं गल्ल्यांत ओतली जाऊ लागली, पाण्यात बांधलेल्या घरांचे पाये हलतील असं लोक ओरडू लागले. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या कालव्यात बंदी झाली. डुब्रॉव्हनिकने दिवसाला दोनच जहाजं असं धोरण ठेवलं. गॅलापागोस बेटांत एका जहाजावर शंभराहून अधिक प्रवासी चालत नाहीत. तिथे वारशाला पाहुण्यांची भीती. आपल्याकडे वारसा अंधारात दिवा लावून बसलेला आणि पाहुणे पलीकडून गाणी म्हणत निघून जातात. दोन्हींत बरं कुठलं, हे मला सांगता येणार नाही. पण दुर्लक्षाने तट पडायला जास्त वर्षं लागतात, एवढाच त्यात दिलासा.

परतीच्या वाटेवर जेवणाच्या टेबलाशी एक सुखवस्तू जोडपं बसलं. गाव कुठलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, गडचांदूर. त्यांनी माना हलवल्या. ठाऊक नसलेल्या गावाला लोक अशाच हलवतात. मी म्हटलं, चंद्रपूर जिल्हा. “अच्छा, वाघ!” बाई म्हणाल्या. ताडोबा आमच्यापासून लांब. मी म्हटलं, आमच्याकडे सिमेंट. “म्हणजे बघण्यासारखं काही नाही,” गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले आणि गुलाबजाम घेतला.

मी त्यांना मग जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण त्यांनी अर्धंच ऐकलं. आमच्याकडे सिमेंटचे कारखाने आले ते चुनखडीमुळे. आणि चुनखडी आली ती समुद्रामुळे. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा गट म्हणतात. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी आज गडचांदूर आहे तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला, दबला, दगड झाला. शिंपले, मासे यांचा तेव्हा पृथ्वीवर जन्मही व्हायचा होता. मग समुद्र गेला, आणि त्याचा तळ आमच्या नावावर राहिला. या हिशेबाने सह्याद्रीचा दगड आमच्यापुढे कालचं पोर. त्याचा लाव्हा थंड होऊन जेमतेम साडेसहा कोटी वर्षं झाली. त्या जहाजावर खऱ्या अर्थाने दर्यावर्दी घराण्यातला माणूस कोणी असेल तर तो मी होतो. आमच्या खाणीतला कामगार रोज समुद्राच्या तळाशी उतरतो आणि संध्याकाळी सायकलवरून घरी येतो.

आणि बघण्यासारखं? जिवतीच्या वाटेवर डोंगरात माणिकगड आहे. नागवंशी माना राजांनी तो बांधला असं सांगतात. दरवाजावर नागाची आकृती आहे. चंद्रपूरला गोंड राजांनी गावाभोवती घातलेला सुमारे ११ किलोमीटरांचा तट आणि जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे चार दरवाजे आहेत. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी गोंडांचं राज्य घेतलं, तट मागे राहिला. तो झाडोऱ्यात बुडाला होता. २०१७ पासून ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी कुऱ्हाडी-फावडी घेऊन तो मोकळा करायला घेतला. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगा जिथे उलटी फिरून उत्तरेला वाहते, त्या वळणावर मार्कंड्याची देवळं आहेत. त्यांच्या भिंतींवरचं कोरीवकाम पाहून लोकांना खजुराहो आठवतं. यातलं एकही पॅरिसच्या यादीत नाही. जाईल की नाही मला ठाऊक नाही, आणि त्यासाठी मी रात्र जागवणार नाही. चंद्रपूरच्या तटावरची झुडपं तोडणाऱ्या पोरांनी यादी पाहून कुऱ्हाड उचलली नव्हती.

गृहस्थांनी गुलाबजाम संपवला आणि विचारलं, “तिथे क्रूझ जाते का?” मी म्हटलं, “जात होती. तुम्ही थोडा उशीर केलात.”

घरी आल्यावर हिने गोव्याच्या वाळूतून आणलेला शिंपला दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवला. त्याच फळीवर मुकादमांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेला खाणीतल्या चुनखडीचा एक ढेपसा आहे. पेपर उडू नये म्हणून आम्ही तो वापरतो. परवा शाळेतली दोन पोरं आली, त्यांनी विचारलं, “गुरुजी, याच्यातलं समुद्राचं कोनतं?” मी म्हटलं, “दोन्ही.” त्यांनी शिंपला कानाला लावला. मग एकाने तो ढेपसाही उचलून कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही.